सुपडूचा होकार

सोनगीरच्या सुकदेवने कळू लागल्यापासून कधी गोडाला हात लावला नाही. दिवाळी असो की लग्नाची पंगत, पानातली जिलबी तो शेजारच्याच्या पानात सरकवून मोकळा व्हायचा. गावाला वाटे, काही नवस असेल. नवसबिवस काही नव्हता. एका साखरेच्या हारापायी त्याची आई बदलली होती, आणि तो हार आपण आपल्या हाताने मागून घेतला, असं त्याला लहानपणापासून सांगितलं गेलं होतं.

त्याचं मूळ नाव सुपडू. थोरल्या मगननंतरची त्याच्या आईची, बेबाबाईची, लेकरं टिकली नाहीत, म्हणून हा जन्मला तसा त्याला सुपात निजवलं आणि तेच नाव ठेवलं. तो चार-पाच वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. साल १९०८ असेल. पलीकडच्या गल्लीतली तानुबाई भाऊबंदांपैकीच, विधवा, पोटी मूल नाही. जमीन भाऊबंदकीबाहेर जाऊ नये याची घाई तिच्यापेक्षा इतरांनाच जास्त. सुपडूच्या बापाने पोर तिला दत्तक द्यायचा शब्द देऊन टाकला. बेबाबाईला कुणी विचारलं नाही, मग पोराला कोण विचारतो?

पण एका म्हाताऱ्या पंचाला काय सुचलं कोण जाणे. तो म्हणाला, पोराचीही खुशी बघून घेऊ. होळीचे दिवस होते, घरोघरी साखरेचे हार आलेले. तसला एक हार तानुबाईच्या हातात दिला आणि बापाचं बोट धरलेल्या सुपडूला समोर उभं केलं. हार दिसताच पोर बोट सोडून धावलं आणि तिच्या मांडीवर जाऊन बसलं. पंचांनी माना डोलावल्या. पोर राजी! त्याच्या डोक्याला पागोटं बांधलं, सुकदेव नाव ठेवलं, साखर वाटली. काय ही शहाणी माणसं आणि काय त्यांचा न्याय! संध्याकाळी हार खाऊन झाल्यावर सुपडू घरी जायला निघाला, तर तानुबाईच्या दाराला आतून कडी होती.

तानुबाईने त्याला काही कमी केलं नाही, हेही सांगायला हवं. दुखलंखुपलं तर ती उशाशी बसून राही. पण तो कधी रुसला, जेवेना झाला, की ती हसून म्हणे, "मी काय तुले वढी आनं का? तू सोताच धावत उना ना." तिच्या मनात काही वाईट नसे. पोराच्या मनात मात्र ते रुतून बसलं. सख्खी आई विहिरीवर दिसे. तिला काकू म्हणायचं, असा दंडक होता. ती पदर पुढे ओढून घेई, आणि सुकदेवला वाटे, मी हारासाठी हिला टाकून आलो, म्हणून ही तोंड फिरवते.

तो चांगला बाप्या झाला, शेत सांभाळू लागला, पिंपळनेरच्या सुंदरबाईशी लग्न झालं, तरी ते वाटणं गेलं नाही. बेबाबाई शेवटच्या दुखण्यात पडली तेव्हा तो भेटायला गेला. तिने त्याचा हात धरला. इतक्या वर्षांनी जुन्या नावाने हाक मारली.

"सुपडू, तू खुशीमा गया व्हता ना रे?"

म्हणजे तीही त्याच एका गोष्टीवर दिवस काढत होती. त्याला खरं काय ते ठाऊकच नव्हतं. पण मरणाऱ्या बाईच्या हातातला आधार कोण काढून घेणार? "हां, माय," तो म्हणाला.

मगनने डोकं भादरलं, दहा दिवस सुतक पाळलं. दत्तक गेलेल्याला जन्मदात्या आईचं सुतक तीनच दिवस. चौथ्या दिवशी सुकदेव औत घेऊन शेतात गेला आणि बांधाआड बसून रडला.

पुढे सुंदरबाईलाही मूल झालं नाही. वय सरत चाललं तशी तिने मगनचा धाकटा अभिमन दत्तक घ्यायचं मनात धरलं. मगनने होकार दिला, पंच जमले, पुन्हा होळीच होती. सुंदरबाई हौसेने साखरेचा हार घेऊन आली. सुकदेवने तो तिच्या हातातून काढून आत ठेवून दिला. मग अभिमनपुढे उकिडवा बसला, रिकाम्या हातांनी.

"तुले आठे ऱ्हानं शे का? तुन्हा मनम्हा काय शे ते सांग. कोन्ही रागावनार नही."

पंच हसले. पोराला काय कळतं, असं कुणीतरी पुटपुटलं. पोराने सुंदरबाईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं.

"माले मन्ही मायजोडे जानं शे."

सुकदेव उठला. पोराला कडेवर घेऊन मगनच्या घरी गेला आणि अभिमनच्या आईच्या हाती दिलं. ती पोराला घट्ट धरून बसली. इकडे सुंदरबाई कितीतरी दिवस नवऱ्याशी धड बोलली नाही. तिचंही चुकलं असं कोण म्हणेल? हाताशी आलेलं लेकरू नवऱ्याने परत नेऊन दिलं होतं.

पुढच्या होळीला गल्लीतली पोरं दारोदार फिरत आली, त्यांत अभिमनही होता. सुंदरबाई हार घेऊन उंबऱ्यात आली आणि त्याला पाहून थबकली. मग खाली वाकून तिने तो त्याच्या गळ्यात घातला. "हाऊ नुसता खाऊ शे, बरं," ती म्हणाली.

पोराने तिथेच एक पदक दाताने तोडलं, खुशीत तिच्या कमरेला मिठी मारली आणि हार सांभाळत धूम घराकडे पळालं. सुकदेव ओट्यावरून बघत होता. पोर वळणाआड गेलं तरी तो बघतच राहिला.

"देखं का," तो बायकोला म्हणाला, "हार लिन्हा, नि घर गया."

सुंदरबाईने वळून पाहिलं, तर तो धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होता.