नाना बसत नसत

नाना कुणाच्याही घरी बसत नसत. खुर्ची पुढे केली की तिच्या पाठीवर हात टेकून उभे राहायचे, चहा उभ्यानेच प्यायचे आणि कप खाली ठेवता ठेवता उंबऱ्याकडे निघालेले असायचे. पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा आईला तो अपमान वाटला. तिने पुन्हा आग्रह केला, तसे नाना म्हणाले, "अक्का, आमच्या मंडळींत 'बसू' म्हटलं की त्याचा एकच अर्थ. फार बसलोय मी आयुष्यात." आईला हसू आलं. त्या दिवसांत आमच्या घरात कुणी हसत नसे.

कारण माझा धाकटा भाऊ सुधीर. रावेरहून केळीचे ट्रक घेऊन तो दूरदूर जायचा. दारू आधी मुक्कामापुरती होती, मग ती घरी आली, मग सकाळी दात घासण्याआधी लागू लागली. ट्रक गेला, बायको माहेरी गेली. नानांचं यावलला ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं. मूळचे पारोळ्याकडचे, त्यामुळे बोलण्यात अहिराणी यायची आणि आमच्या यावलकरांना तिची गंमत वाटायची. एकेकाळी तेही असेच प्यायचे, हे गावाला ठाऊक होतं. सुधीरला रस्त्याकडेला पडलेलं पाहून ते न बोलावता आले होते.

आईने सुधीरकडून देवासमोर शपथ घेतली होती की उद्यापासून थेंब नाही. नानांनी त्याचे थरथरते हात पाहिले आणि आईला बाजूला घेऊन सांगितलं की इतकं पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम सोडणं जिवावर बेतू शकतं. आधी दवाखाना, मग शपथ. त्याच दिवशी त्यांनी सुधीरला एस.टी.त घातलं आणि जळगावला नेलं. बसमध्ये जागा होती, तरी हे उभेच.

दवाखान्यात सुधीरला भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या. मी त्याला समजावत होते की मुंग्या नाहीत, आणि तो जास्तच बिथरत होता. नाना त्याच्या पायांशी आले. "माले बी दिसेत," ते शांतपणे म्हणाले, "मन्या काया व्हत्यात. तुन्या कशा शेत?" माझ्या काळ्या होत्या, तुझ्या कशा, असं विचारत होते. सुधीर म्हणाला, "लाल." आणि त्याने नानांचा हात धरला. त्यानंतर मी समजावणं सोडून दिलं.

घरी आल्यावर नाना रोज संध्याकाळी यायचे. ऊन कललं की सुधीर पिंजऱ्यातल्यासारखा ओटा ते परसदार येरझाऱ्या घालायचा, तेवढ्यात अंगणातून हाक यायची. मग दोघं केळीच्या बागांमधून पाटाच्या कडेने चालत सुटायचे. सुधीर पाय सुजवून परतायचा आणि पानावर बसल्या बसल्या पेंगायचा. नाना उपदेश करत नसत. त्यांचं एकच म्हणणं होतं, आजचं आज, उद्याचं उद्या. "आजना दिन काढ. सकायनं सकाय दखू." एकदा वैतागून सुधीरने विचारलं, हे असं किती दिवस? नाना म्हणाले, "माले काय माहीत? मी बी आजनाच शे."

मी शाळेत शिकवते. शाळेच्या फाटकाशी एकदा नाना भेटले, तेव्हा सहज विचारलं, मुलंबाळं काय? एक मुलगी, धुळ्याला दिलेली. तिच्या लग्नात नाना इतके प्यायले होते की भावकीने त्यांना मंगल कार्यालयामागच्या खोलीत कोंडून बाहेरून कडी लावली. मंगलाष्टकं त्यांनी दाराला कान लावून ऐकली. कन्यादान मेहुण्याने केलं. "बरं केलं त्यांनी," नाना म्हणाले. "मीही तेच केलं असतं." त्यानंतर त्यांनी सोडली, पण मुलीला कळवलं नाही. अधूनमधून धुळ्याला जायचे, तिच्या गल्लीतून एक चक्कर मारायचे आणि परतायचे. मी विचारलं, माफी का मागत नाही? म्हणाले, "मागितली की तिला द्यावी लागेल. तिच्यावर ते ओझं कशाला?"

पुढे सुधीर घसरला. चुलतभावाच्या हळदीत प्याला. आईने दार लावून घेतलं. नाना आले तेव्हा तो गोठ्याच्या भिंतीकडे तोंड करून बसला होता. "जो चालस तोच पडस," नाना म्हणाले. "चप्पल घाल." आणि आईला दारातूनच सांगितलं, "अक्का, बोलू नका त्याच्याशी, पण जेवायला वाढा."

त्यातून तो सावरला. मग एका दिवशी नाना अवेळी, दुपारी आले. चेहरा उतरलेला. मुलीला मुलगा झाला होता आणि ते त्यांना पारोळ्याच्या कुणा ओळखीच्याकडून कळलं होतं. "सुधीर," ते म्हणाले, "आज तू माले फिरायले ने." दोघं थेट अंधार पडायच्या बेताला परतले. नानांना गॅरेजवर सोडून आल्यावर सुधीरने मला न विचारता नानांच्या मुलीचा नंबर मिळवला आणि फोन लावला. पलीकडे तिने सगळं ऐकून घेतलं. मग तिने एवढंच विचारलं, "अजून पितात?"

ती बाळाला घेऊन गॅरेजवर आली, तेव्हा नाना ट्रॅक्टरखाली होते. बाहेर आले, तिला पाहिलं आणि हात धुवायला नळावर गेले. साबण लावत राहिले, धूत राहिले. वंगण कधीच निघालं होतं. शेवटी तीच नळापाशी गेली, नळ बंद केला आणि तशाच ओल्या हातांत बाळ दिलं. काही महिन्यांनी ती त्यांना धुळ्याला घेऊन गेली. तिथेही त्यांनी दारू सोडू पाहणारी माणसं शोधलीच. फोनवर सुधीरला नव्या माणसांबद्दल सांगायचे आणि यावलच्या माणसांची चौकशी करायचे. ती माणसं आता सुधीरच्या अंगावर होती.

गेल्या उन्हाळ्यात नाना गेले. हृदयविकार. सुधीर सकाळच्या गाडीने धुळ्याला गेला. दुपारी त्याने फोनवर सांगितलं, अग्नी मुलीने दिला. त्यानंतर फोन लागेना. पारोळ्याला उतरला असेल, एरंडोलला थांबला असेल, अशी मी मनाची समजूत घालत होते. आईने दोनदा दाराबाहेर डोकावून पाहिलं. त्याची बायको, आता परत नांदायला आलेली, भाकरी थापता थापता थांबत होती. तिघींच्याही मनात एकच होतं.

रात्री उशिरा तो आला. डोळे लाल, शर्ट चुरगळलेला, चाल ओढल्यासारखी. स्मशानातून निघताना नानांच्या आधाराने दारू सोडलेला एकजण दारूच्या दुकानाकडे वळला होता. त्याला घेऊन हा संध्याकाळपर्यंत धुळ्याच्या रस्त्यांवर फिरला, मग त्याला घरी पोचवून निघाला. फोन कधी बंद पडला ते कळलंच नाही. हे सगळं त्याने नंतर सांगितलं. आधी तो ओट्यावर चढला, आमच्या तिघींच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, रागावला नाही. माझ्या अगदी जवळ आला आणि तोंड उघडून श्वास सोडला.

"हुंग, ताई," तो म्हणाला. "मग मला रडू दे."