दुसऱ्या पानावरची सही

वीज कंपनीच्या जोडणी विभागात तो सव्वीस वर्षं अर्ज घेत होता. ऑफिसात सगळे त्याला 'नियमावली' म्हणत, तेही तोंडावर, आणि तो हसून घेई. माणूस नाकासमोर चालणारा. अर्जावर तारखेचा शिक्का आणि रांगेतला नंबर त्याच्याच हातून पडायचा आणि तो मागेपुढे करून घ्यायची कुणाच्या बापाची बिशाद नव्हती. अशा माणसाचं घरच्यांना फारसं कौतुक नसतं, ते सोडा.

त्याच्या थोरल्या बहिणीची लॉन्ड्री होती. मोठ्या दवाखान्याच्या चादरी धुवायचं काम तिला मिळालं होतं. अट एकच, सहा महिन्यांत दोन मोठी यंत्रं सुरू झाली पाहिजेत. यंत्रं येऊन भिंतीशी उभीही राहिली होती. राहता राहिली वीज. वाढीव वीजभाराचा अर्ज ताईने टपालाने पाठवला, भावाला एका शब्दाने न सांगता. त्याला अडचण नको, एवढाच तिचा विचार.

अर्ज उघडला तर दुसऱ्या पानावर सही राहिलेली. शेजारच्या टेबलावरच्या बाई आपल्याकडेच बघताहेत असं त्याला वाटलं. त्याने लाल शाईने 'अपूर्ण, परत' असा शेरा मारला आणि पाकीट टपालात टाकलं. त्याच संध्याकाळी ताईकडे बसून चहा प्यायला, पण विषय काढला नाही. खिशात पेन होतं हो! पण बोट दाखवायला कुणाला जागा ठेवायची नाही, हा बाणा.

पाकीट जाऊन, सही होऊन परत यायला आठ दिवस लागले. तेवढ्यात डेटा सेंटरचा अर्ज आला. बंद पडलेल्या कारखान्याच्या जागेवर बिनखिडक्यांच्या इमारती होणार होत्या, आत रात्रंदिवस चालणारे नुसते कॉम्प्युटर, आणि त्यांना अख्ख्या शहराला लागते तेवढी वीज. अर्जात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. नियमावलीने शिक्का मारला आणि उपकेंद्रात शिल्लक होती ती सगळी वीज त्या एका नंबराने घेतली. ताईने मागितलेली वीज त्यांच्या हिशेबात चिमूटभरसुद्धा नव्हती. तरी आता नवा ट्रान्सफॉर्मर बसेपर्यंत तिने थांबायचं, म्हणजे चार वर्षं.

तो साहेबांच्या केबिनमध्ये गेला. कुणासाठी शब्द टाकायची ही त्याची पहिलीच वेळ.

"तुम्ही विचारताय हे?" साहेब म्हणाले. "रांग म्हणजे रांग."

चादरींचं काम दुसऱ्या लॉन्ड्रीला गेलं. यंत्रं परत न्यायला टेम्पो आला, त्या सकाळी तो रजा काढून गेला. दोर बांधायला हात लावला. टेम्पो वळणावरून गेला तेव्हा ताई पायरीवर बसली.

"एक विचारू? सही राहिली की सगळ्यांचेच अर्ज तू परत पाठवतोस?"

खोटं बोलायची त्याच्या जिभेला सवयच नव्हती.

"नाही. फोन करून बोलावून घेतो. समोर बसवून सही घेतो."

"मग माझाच का रे?"

"तू माझी बहीण ना, ताई. लोक काय म्हणाले असते?"

ताईने पायरीवर पडलेला दोराचा तुकडा उचलून गुंडाळला.

"परकी असते तर बरं झालं असतं," ती म्हणाली आणि उठली. नव्या कामासाठी ठेवलेल्या दोघी बायका आत वाट बघत बसल्या होत्या. उद्यापासून येऊ नका, हे त्यांना तिलाच सांगायचं होतं.