सुनेने खेळ सोडला तेव्हा

संशय हा माझा स्वभाव आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. बालवाडीची बाई म्हणून मी अर्धं आयुष्य काढलं. खिशात दुसऱ्याचा खडू घालून "बाई, मी नाय घेतला" म्हणणारी पोरं रोज समोर असली की माणसाचं तोंड वाचायची सवय लागते. पुढे आमच्याकडे जमिनींचे दलाल फिरायला लागले तेव्हा ही सवय कामाला आली. एक जण ओटीवर येऊन बसला होता. "ताई, आजच सही करा, उद्या हा भाव राहणार नाही," म्हणत होता आणि बाहेर गाडीचं इंजिन चालूच ठेवलं होतं. मी त्याला चहा पाजून परत पाठवला. माझे दीर मात्र त्याच गाडीत बसून गेले आणि सही करून आले. आज त्यांच्या भातशेतीवर कुणा मुंबईवाल्याचा बंगला आहे आणि दीर त्याच बंगल्याच्या झाडांना पाणी घालतात. तेव्हापासून मी घरात सगळ्यांना एकच सांगत आले, जो घाई करतो त्याच्याकडे लपवण्यासारखं काहीतरी असतं.

सुनेने हे माझ्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं आहे, की मी "जो घाई" एवढं म्हटलं की ती "हो आई" म्हणून तांदूळ निवडायला लागते.

टीव्हीवरच्या त्या प्रश्नांच्या खेळातून तिला फोन आला तेव्हाही मी म्हटलं, बंद कर. आमच्या रेवदंड्यात दर आठवड्याला कुणाला ना कुणाला फोनवर पंचवीस लाखांचं बक्षीस लागतं. मग पलीकडचा माणूस गोड आवाजात खात्याचा नंबर मागतो. सून शिकवण्या घेते, वाचन दांडगं, पण असल्या बाबतीत मी तिला भोळीच समजत होते. तिने त्या माणसाला विचारलं, "आत्ताच सांगायला हवं का?" तो म्हणाला, नाही, विचार करा, घरच्यांशी बोला, दोन दिवसांनी कळवा. मग मला गप्प बसावं लागलं. घाई न करणाऱ्याला पकडायचं कसं, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

आता खरं काय ते सांगते. मला फोनची भीती नव्हती, भीती होती ती सून जिंकण्याची. माझा मुलगा न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात कामाला आहे. आठवडाभर तिकडे चौघांत एक खोली, शनिवारी घरी. उलव्यात स्वतःचं घर घ्यायचं हे त्याचं लग्नापासूनचं स्वप्न. पण सुरुवातीला भरायची रक्कमच जमत नव्हती, म्हणून ते घर जेवणानंतरच्या गप्पांत राहिलं होतं. त्याच्याकडे पैसे नव्हते म्हणून माझं घर भरलेलं होतं. सून घरात, नात रात्री माझ्या कुशीत, शनिवारी मुलगा. सून खेळायला निघाली त्या दिवशी मी देवापुढे दिवा लावला आणि म्हटलं, हिला टाळ्या मिळू देत, लाख नकोत.

खेळाचा नियम असा, की सोबत एकच माणूस न्यायचा. तिने तिच्या आईला नेलं, पेणच्या माझ्या विहीणबाईंना. "आई, तिथे एसीचा फार गारठा असतो, तुमचे गुडघे धरतील," असं मला सांगितलं. गुडघे! याच गुडघ्यांनी मी हरिहरेश्वरची प्रदक्षिणा खडकांवरून करून आले होते, तीही हिच्याबरोबर.

परत आली तेव्हा मी दारातच उभी होते. "किती?" मी विचारलं.

"आई, सांगता येत नाही. टीव्हीवर दाखवेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, तसं लिहून दिलंय. सांगितलं आणि बाहेर फुटलं तर पैसे अडकतील."

म्हणजे पैसे आहेत. मी तेवढं मनात धरून ठेवलं.

मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "आय, मला पन न्हाय सांगितलं तिनं." बोलताना कान लाल झाले. बालवाडीत असल्यापासून खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात, पण ही गोष्ट मी त्याला अजून सांगितलेली नाही. कधीतरी उपयोगी पडते.

पुढचे काही आठवडे मी सुनेवर जी नजर ठेवली, ती बंदरावर कस्टमवाले ठेवत नसतील. ती गुणगुणली की वाटायचं, जिंकली, आता जाणार. ती गप्प राहिली की वाटायचं, हरली वाटतं, आणि मग तिचीच दया यायची. एकदा तिने नवा कुकर आणला. मी तो उलटासुलटा करून बघितला. जुन्याचा कान तुटला होता हे मलाही माहीत होतं, पण नेमका आत्ताच कसा तुटला? विहीणबाई तर एरवी सणावारालाच फोन करायच्या, त्या आता दर चार दिवसांनी माझ्या गुडघ्यांची चौकशी करायला लागल्या. एकदा बोलता बोलता त्यांच्या तोंडून निसटलं, "सरकार तरी केवढं कापून घेतं हो हल्ली!" आणि लगेच पापडांवर आल्या. मी फोन ठेवला आणि खाली बसले. कापून घ्यायला आधी काहीतरी हातात यावं लागतं, आणि केवढं म्हणण्याइतकं कापलं गेलं असेल तर मुळात कितीतरी असणार.

बाहेर वेगळाच तमाशा. आमची नेहमीची मासेवाली वाट्यावर चार कोलंब्या जास्त टाकायची, ती टाकेना. "आता तुमी लखपती झालाव, बाय, तुमाला कशाला वरती पायजे?" म्हणायची. अलिबागच्या रिक्षावाल्याने सुट्टे परत देणं बंद केलं. वर तोच सगळ्यांना सांगत होता, की आपल्या जिल्ह्याचा विक्रम मोडलाय म्हणून. कुठला विक्रम आणि तो लिहून कोण ठेवतं, हे विचारलं तर म्हणाला, "असतंय ना काकी, सगळं असतंय." मी काही लपवते आहे असं गावाला वाटत होतं आणि सून काही लपवते आहे असं मला. गावाला मी काही सांगू शकत नव्हते, घरात मला कुणी काही सांगत नव्हतं. माझा सगळा राग मग नव्या कुकरवर निघायचा, मी तो मुद्दाम घासायचे नाही.

अखेर तो दिवस आला. मुलाने टीव्ही ओटीवर काढून ठेवला. गल्लीतली माणसं अंगणात सतरंजीवर, विहीणबाई पोह्याचे पापड घेऊन हजर, आणि मी दाराशी खुर्चीत. नात माझ्या मांडीवर. सून आतबाहेर करत होती, मला काही तिचं तोंड दिसू देत नव्हती.

टीव्हीतली सून मात्र समोर बसली होती. मी दिलेली मोरपिशी साडी नेसली होती. मला वाटलं होतं ती घाबरेल, पण ती सरळ बसली होती आणि एकेक उत्तर देत वर चढत होती. सुरुवातीच्या प्रश्नांना घड्याळ असतं, टिकटिक चालू असते. पुढच्या प्रश्नांना घड्याळ नसतं, हवा तेवढा वेळ घ्या. हा नियम मला तेव्हाच कळला, आणि त्या खेळाबद्दल पहिल्यांदाच बरं वाटलं.

बारा लाखांवर आली तेव्हा अंगण ओरडत होतं. पुढचा प्रश्न आला, कोणत्या देशात सगळ्यात जास्त वेगवेगळ्या प्रमाणवेळा आहेत? रशिया, अमेरिका, चीन, फ्रान्स. अंगणातून एकच आवाज, "रशिया!" सुनेने तिथे बसलेल्या लोकांचं मत मागितलं. त्यांनीही भराभर बटणं दाबली. जवळजवळ सगळेच रशिया. सूत्रसंचालक हसत होता. बरोबर आलं तर रक्कम दुप्पट, चुकलं तर थेट मागच्या टप्प्यावर, म्हणजे बारा लाखांतलं बहुतेक गेलंच. आणि आहे तिथे थांबून पैसे घेऊन उठायचीही मुभा.

सून बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मलाही रशियाच वाटतं. पण एवढ्या सगळ्यांना एवढ्या लवकर खात्री कशी झाली? आमच्या सासूबाई सांगतात, घाई दिसली की काहीतरी लपलेलं असतं. मी खेळ सोडते."

अंगणातली सगळी डोकी माझ्याकडे वळली. "काय काकी, घालवलंत ना!" रिक्षावाला म्हणाला. तेवढ्यात उत्तर आलं. फ्रान्स. त्या देशाची बेटं जगभर विखुरलेली आहेत म्हणून त्याची घड्याळं सगळ्यात जास्त, असं सूत्रसंचालकाने समजावलं. मग अशा टाळ्या वाजल्या की नात दचकली. विहीणबाईंनी माझा हात धरला. मासेवाली मोठ्याने म्हणाली, "काकींच्या संशयाचं बारा लाख हायेत हे!"

मला फार, फार आनंद झाला. खोटं कशाला सांगू? ज्या स्वभावाची घरात थट्टा होते तो अख्ख्या महाराष्ट्रासमोर खरा ठरला होता.

तेवढ्यात सूत्रसंचालकाने विचारलं, "या पैशांचं काय करणार?"

"घर घेणार. उलव्यात. मिस्टरांचं काम तिकडेच आहे."

"सासूबाई खूश होतील?"

टीव्हीतली सून खाली बघायला लागली. "त्यांना अजून विचारलेलं नाही," ती म्हणाली. "भीती वाटते."

अंगणात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी नातीचे केस सारखे करत बसले. माझा संशय पहिल्यापासून शेवटपर्यंत बरोबर होता, आणि त्याच संशयाने माझं घर रिकामं करायला पैसे जमवून दिले होते. डोळ्यांत पाणी आलं ते मी कुणाला दिसू दिलं नाही. पापड तिखट आहेत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या दारी मी बोंबील साफ करत होते. सून येऊन शेजारी बसली आणि तिने अर्धे आपल्याकडे ओढले.

"मला का नाही नेलंस?" मी आधी तेच विचारलं.

"तुम्ही समोर असता तर मी तुमच्या तोंडाकडे बघितलं असतं आणि पहिल्याच प्रश्नाला उठून आले असते."

हे खरं होतं. मला हसू आलं, तेही दाबलं.

मग ती म्हणाली, "आई, तिथे दोनच खोल्या परवडतात. तुमचा पलंग बाहेरच्या खोलीत लावावा लागेल. दाराशीच समोरच्यांचं दार, वाडी नाही, मागचं दार नाही. इथलं सगळं सोडून त्यात या असं कुठल्या तोंडानं म्हणू? पण तुम्ही नसलात तर मला तिथे करमणार नाही. याल का?"

मी तिचं तोंड वाचलं. दलालाचं वाचलं होतं तसं, खडू चोरणाऱ्या पोरांचं वाचायचे तसं. लपवलेलं काही सापडलं नाही.

"कधी सांगू?" मी विचारलं.

"सावकाश सांगा. घाई नाही."

उलव्याचं घर आता तयार होत आलं आहे. मुलगा शनिवारी येतो तेव्हा फरशीचे फोटो दाखवतो, नात माझ्या पलंगाची जागा बोट ठेवून दाखवते. सुनेने मात्र त्या दिवसानंतर एकदाही विचारलेलं नाही. कुकरमधून भात काढते, मला वाढते, आणि वाट बघते. तिने जरा जरी घाई केली असती तर मला नाही म्हणता आलं असतं.