पास आणायला एकीनंच जायचं

शालनबाई रिपोर्ट भरत नाहीत, अशी तक्रार चाकणच्या एका कंपनीतून आमच्या चिंचवडच्या ऑफिसात आली. वाचताक्षणी मी म्हणाले, बाईंना टॅब चालवता येत नसणार. मी शाहीन, पिंपरीतल्या एका मेकॅनिकची मुलगी. गिऱ्हाईक गाडी बिघडली म्हणालं की आधी गाडी बघावी, गिऱ्हाइकाची अक्कल नंतर काढावी, हे अब्बांनी मला लहानपणीच शिकवलं होतं. पण शिकलेलं माणूस शहाणं असतंच असं नाही.

तिथल्या तपासणीसाठी आठवड्यापूर्वीच सुरू झालेलं वेब ॲप मीच लिहिलं होतं. दर तासाला चाळीस पोलादी कड्या मोजायच्या, आकडे टॅबवर भरायचे आणि शेवटी पाठवायचे. बाकी सगळ्यांचे रिपोर्ट येत होते, शालनबाईंचे नाहीत. सुपरवायझर बबनरावांनी सांगून टाकलं होतं की शनिवारपर्यंत सुधारणा दिसली नाही तर बाईंना पॅकिंगला टाकणार. बाई अकरा वर्षं तपासणीवर होत्या.

बुधवारी स्कूटर काढली आणि चाकणच्या चौकात अर्धा तास सडून एकदाची पोचले. शालनबाई म्हणजे पन्नाशीची, धाराशिवकडची बाई. कडी हातात घेतली की मापाचं गेज लावायच्या आधी आतून अंगठा फिरवायची. कुठे बारीक धार राहिली असेल तर अंगठा थांबायचा. "गेज खोटं बोलत न्हाई, पण समदं बोलत बी न्हाई," त्या म्हणाल्या. चाळीस कड्यांना त्यांना पंचवीस मिनिटं लागली. मी शेजारी बसून जांभया दिल्या. शेवटी त्यांनी 'पाठवा' दाबलं, आणि स्क्रीनवर लॉगिनचं पान आलं. चाळीसच्या चाळीस आकडे गेले.

बाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पहिली कडी पुन्हा उचलली. बाई आठवडाभर सगळं दोनदा मोजत होत्या, आणि दुसऱ्यांदाही पंचवीस मिनिटंच लावत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चूक माझी होती. लॉगिन केलं की सर्व्हर टोकन देतो, म्हणजे आत वावरायचा पास. आमचा पास पंधरा मिनिटांचा. ऑफिसात एसीत बसून मी खोटे आकडे दोन मिनिटांत भरून ॲप तपासलं होतं, त्यामुळे पास संपण्याची वेळच आली नव्हती. इतरांचे रिपोर्ट का पोचत होते, तेही कळलं. ते चाळीस कड्या दहा मिनिटांत 'मोजत' होते. जी बाई खरं काम करत होती, तिलाच माझं ॲप दाराबाहेर काढत होतं.

गुरुवारी मी दुरुस्ती केली. पासाबरोबर सर्व्हर एक चिठ्ठीही देतो. पास संपला की ॲपने ती दाखवून गुपचूप नवा पास आणायचा आणि अडलेलं काम पुन्हा पाठवायचं. वापरणाऱ्याला पत्ताही लागू नये. ऑफिसात झकास चाललं. शुक्रवारी चाकणला बाईंनी 'पाठवा' दाबलं आणि पुन्हा लॉगिन. बबनराव लांबून बघत होते. उद्या शनिवार आहे हे तिघांनाही माहीत होतं.

चहाच्या सुट्टीत मी कँटीनमध्ये तोंड पाडून बसले. बाईंनीच विचारलं, काय होतंय नक्की. मी पास आणि चिठ्ठीची गोष्ट सांगितली. आकडे, फोटो आणि सही अशा तीन गोष्टी एकदम जातात, तिघींचा पास संपलेला असतो, मग तिघी चिठ्ठी घेऊन नवा पास मागतात, असं मी सांगत असतानाच बाईंनी मला हाताने थांबवलं.

त्यांनी सांगितलं, कारखान्यात ओव्हरटाइम लागला की कंत्राटी बायकांचा गेटपास वाढवावा लागतो. सुपरवायझर सगळ्यांची मिळून एकच चिठ्ठी देतो. एकदा बाई नसताना नव्या आलेल्या पोरींनी त्या चिठ्ठीच्या झेरॉक्स काढल्या आणि सगळ्याच हजेरी आणि पास बघणाऱ्या टाइम ऑफिसला पळाल्या. पहिलीला सगळ्यांचे पास मिळाले. तीच चिठ्ठी दुसऱ्यांदा आलेली पाहून क्लार्कला लबाडी वाटली, आणि त्याने दिलेले पासही रद्द करून सगळ्यांना गेटबाहेर काढलं.

"एकीनंच जायचं असतंय, पोरी," बाई म्हणाल्या. "बाकीच्यांनी हातातलं काम धरून थांबायचं. ती पास आणती, मग समद्या पुढं."

मी चहा तसाच टाकून उठले. आमचा सर्व्हरही अगदी त्या क्लार्कसारखा होता. चिठ्ठी एकदाच चालते, दुसऱ्यांदा दिसली की चोरी समजून तो सगळंच रद्द करतो. ऑफिसातल्या चाचणीत मी एका वेळी एकच गोष्ट पाठवली होती, म्हणून फसले. कँटीनच्या त्याच टेबलावर लॅपटॉप उघडून ॲपला नवा नियम घातला. जी पहिली अडेल तिनं जायचं, बाकीच्यांनी रांगेत थांबायचं, नवा पास आला की सगळ्यांनी तोच वापरायचा. शिवाय आकडे टॅबमध्येच जपून ठेवले, म्हणजे उद्या खरंच लॉगिन करायची पाळी आली तरी मोजलेलं वाया जाणार नाही.

शनिवारी सकाळी बाईंनी चाळीस कड्या मोजल्या. पंचवीस मिनिटं. सदतिसावी बाजूला काढली, आतून खरखरीत म्हणून. 'पाठवा' दाबलं. क्षणभर काहीच हललं नाही, आणि मग हिरवी खूण आली. बबनरावांनी रिपोर्ट उघडला, सदतिसावी कडी उचलून आतून अंगठा फिरवला आणि त्यांचाही अंगठा थांबला. मग म्हणाले, सोमवारपासून दुसऱ्या पोरींना बाईंशेजारी बसवा, मोजायचं कसं ते बघू द्या. पॅकिंगचं नावही कोणी काढलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी टॅबची काच पुसायचं सोंग केलं.

बाईंनी पुढची पेटी ओढली.

"मग तुझ्यातली पास आणायला कोण गेली?" त्यांनी विचारलं.

"जी पहिली अडली ती, मावशी."

"आमच्यात बी तसंच," त्या म्हणाल्या. "अकरा वर्सं मीच जाती."