कढई न चढलेली दिवाळी

त्या वर्षी उंब्रजला आमच्या आळीत गोवराची साथ आली ती नेमकी दिवाळीच्या सुट्टीत. माझी धाकटी दोन्ही पोरं पाठोपाठ अंथरुणाला खिळली. थोरलीला गोवर आधीच होऊन गेला होता, त्यामुळे नऊ वर्षांची ती तेवढी हिंडतीफिरती. मालक पलटणीत, त्यांना रजा मिळाली नव्हती. घरात मोठी माणसं म्हणजे मी आणि सासूबाई.

गोवर आला म्हणजे देवीआई पाहुणी आली, असं आमच्याकडे मानत. ती घरात असेपर्यंत चुलीवर कढई चढवायची नाही, साधी फोडणीही द्यायची नाही. तेलाचा वास तिला खपत नाही. सासूबाईंनी दाराला कडुलिंबाचे डहाळे बांधले आणि तेलाची बरणी उंच फळीवर ठेवून दिली. मग कुठली चकली आणि कुठली करंजी! शेजारची पोरंही आमच्या दाराकडे फिरकेनात.

हातपाय गाळून बसणं माझ्या स्वभावात नाही. मी दोघांची अंथरुणं खिडकीशी ओढली आणि थोरलीला समोर अंगणात किल्ला करायला लावला. हुकूम आजाऱ्यांनी सोडायचे, चिखल तिनं तुडवायचा.

"बुरूज वाकडा हाय!" धाकटा आतून ओरडायचा.

"मग ये की भायेर आन् कर सरळ!" ही ठणकावायची.

पोरं भांडताहेत तोवर काळजीचं कारण नाही, असं माझं मत. आजही तेच आहे.

पण पाडव्याच्या सकाळी धाकट्याचा ताप चढला. पुढं तो उतरलाही, पण ते तेव्हा कुणाला ठाऊक! आणि त्याच सकाळपासून थोरली जेवेना. किल्ल्याकडे बघेना, भावाच्या उशाशी जाईना. लाडीगोडी लावून झाली, दटावून झालं. शेवटी आजीच्या मांडीत तोंड खुपसून तिनं हंबरडा फोडला. आदल्या दिवशी शेजारणीनं भिंतीवरून तिला चकली दिली होती आणि आजीनं बजावलेलं विसरून तिनं ती खाल्ली होती.

"माझ्यामुळं देवी चिडली, आज्जी. आता त्यो मरंल."

चकलीनं ताप चढत नाही, हे मी तिला शंभरदा सांगितलं असतं. पण आजीनं घातलेली भीती आजीनंच काढायला हवी होती. मी सासूबाईंकडे नुसती बघत राहिले. रागानंच.

त्यांनी नातीचं तोंड मांडीतून वर उचललं. मग म्हणाल्या, "देवीला आपुन आई म्हनतो न्हवं? लेकरानं खाल्लेलं आईच्या डोळ्यात खुपतंय व्हय?"

"पन तूच म्हनलीस..."

"म्या तळायचं न्हाई म्हनलं. खायचं न्हाई, असं कवा म्हनलं?"

म्हणाल्या होत्या, चांगलं दोनदा म्हणाल्या होत्या. पण मी कशाला तोंड उघडते!

त्यांनी भिंतीपलीकडे हाक मारून दोन चकल्या मागून घेतल्या. एक नातीच्या हातात दिली आणि दुसरी स्वतः मोडून तोंडात टाकली. जन्मात कधी देवीचा नेम न मोडलेली ती बाई. चावताना नजर दारावरच्या कडुलिंबावरून हलत नव्हती. त्याही घाबरल्या होत्या, ते मला स्पष्ट दिसलं. तरी त्यांनी शेवटचा तुकडासुद्धा चावून गिळला आणि पोरीचे डोळे पदरानं पुसले.

"आता रागवायचंच झालं, तर ती माझ्यावर रागवंल. मी थोरली हाय. खा तू."