ओल आहे तोवर

आमचे गुरुजी शाळेत आले की आधी हजेरी घ्यायचे नाहीत. पिशवी खुंटीला अडकवायची आणि भिंतीसमोर उकिडवं बसायचं, अगदी आम्हा पोरांच्या उंचीला येऊन. तिथून भिंत न्याहाळायची. मग गुडघे चोळत उठायचं. "शिळी झाली. पुसा!"

शाळा कसली, पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी, तिथं आमच्याच घराची पडवी. मातीच्या भिंतीवर कोळशाने, गेरूने काढलेली अक्षरं आणि चित्रं. पुस्तकात अननसाचा अ होता. आता तुम्हीच सांगा, वाडीत अननस कोणी पाहिला होता? गुरुजींनी अ बाजूला ठेवून आधी मोठा ‘न’ काढला, शेजारी खरं नाचणीचं कणीस खोचलं. दुपारी ते शेळीने खाल्लं. "घ्या, हिला पहिल्याच दिवशी ‘न’ आला," गुरुजी म्हणाले.

माणसाला स्वस्थता म्हणून नव्हती. बेरीज सांगता सांगता उठायचे, एखादं अक्षर पुसून दुसऱ्या कोपऱ्यात काढायचे.

"गुरुजी, र कुठं गेला?"

"मला काय विचारता? शोधा!"

आम्ही बोटं फिरवत भिंतभर हुडकायचो.

मग निरोप आला. साहेब तपासणीला येणार. मुलांना वाचता येत नसेल तर शाळा खालच्या गावात हलवणार. वाटेत पऱ्या, पावसाळ्यात त्याला छातीएवढं पाणी. मुलगे गेले असते कसेबसे. आम्हा मुलींना कोण धाडणार होतं? गुरुजींनी सगळी भिंत नव्याने भरली, दहादा खाली बसून पाहिली आणि खडू आणायला महाडला गेले.

तपासणीच्या दिवशी उजाडतं न उजाडतं तो आई आणि शेजारणींनी ती भिंत शेणामातीने सारवून काढली! साहेब यायचा म्हणजे सणच की.

"आये, गुरुजींची अक्षरं!"

"गप गो. कोळशानं बरबटलेली भित बघून सायब काय म्हणंल?"

गुरुजी आले. भिंतीसमोर बसले ते बराच वेळ उठेचनात.

"बेस झाली ना, गुरुजी?" आईने हौसेने विचारलं. तिचे हात कोपरापर्यंत शेणाचे.

"छान झाली, वहिनी," ते म्हणाले. मग ताडकन उठले. "चला रे, चला गो! ओल आहे तोवर बोटाने लिहा. येईल ते!"

साहेब आले तेव्हा आम्ही सगळी शेणाने माखलेलो. त्यांनी नाकाला रुमाल लावला. अक्षरं आमच्या उंचीची, त्यामुळे वाचायला त्यांनाच वाकावं लागलं. त्यांनी मला दुसऱ्याच कुणाच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हे काय?"

"शेळीने नाचणी खाल्ली," मी वाचलं.

शाळा राहिली. गुरुजींची मात्र पुढे बदली झाली, दासगावकडे कुठेतरी. पुन्हा दिसले नाहीत.

पुढे शाळेला वेगळी इमारत झाली. आई दर सणाला पडवी सारवायची, पण आमच्या अक्षरांचा तो पट्टा सोडून. "गुरुजींची हाय ती." अक्षरं वाळून तडकली, पोपडे सुटले.

एकदा माहेरी आले असताना मी त्या भिंतीसमोर उकिडवी बसले. बसून राहवेना. उठून शेणामाती कालवली.

"अगो, काय करतंस? गुरुजींची अक्षरं ती!"

"शिळी झाली, आये."

मी सारवत गेले. शेवटचा हात फिरवला, तर आई माझ्या शेजारी येऊन बसली. पदराला बोट पुसलं.

"ओल हाय तवर मलाबी एक काढून दाव गो."