गोल चरे, लांब चरा

माणसाचा अहंकार नेमका कुठे वसतो, यावर आपल्याकडे फार मोठं चिंतन झालेलं आहे. जुन्या जालन्यातल्या पॉलिशमामूंनी त्यातलं काहीच वाचलेलं नव्हतं. त्यांच्या अनुभवानुसार तो मनगटापासून खाली असतो. म्हणून गाडीच्या दाराला हात लावण्याआधी ते मालकाला सांगत, "घड्याळ काढा. अंगठ्या काढा. कडं असंल तर तेही." समोर मोंढ्याच्या धान्यबाजारातला बडा आडत्या असो की दोन-तीन संस्थांचा अध्यक्ष, तो आपला ऐवज खिशात भरून ओशाळा उभा राहायचा, आणि मगच मामू गाडीत बसायचे. काम तर मामूच करणार, मालकाने कशाला काढायचं, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "सर, हात ऱ्हात न्हाई. इथं चरा हाय म्हणून दाखवायला तरी बोट टेकतंच."

मामूंचा मूळ धंदा लाकडाला पॉलिश करण्याचा. शिसवी कपाटं, पलंग, हार्मोनियमच्या पेट्या. मग घरोघरी सनमायका आला आणि त्यांच्या हाताला काम उरलं नाही. ते परत आलं ते गाड्यांमुळे. अलीकडच्या गाड्यांत गियरभोवती आणि स्क्रीनभोवती काळी, आरशासारखी चकचकीत पट्टी असते. शोरूममध्ये ती पाहून माणूस गाडी घेतो, आणि घरी आणून कोरड्या फडक्याने एकदा पुसली की तिच्यावर कोळ्याचं जाळं उमटतं. "ही बघायची चीज हाय, हात लावायची न्हाई," मामू म्हणत. "बनवणाऱ्यानं गियर बराबर तिच्या मधी बसवला. त्याला कोण सांगणार?"

चरा काढतात म्हणजे काय करतात, हे त्यांनी मला एका वाक्यात सांगितलं होतं. "चरा निघत नसतो सर. आजूबाजूचं सगळं त्याच्याएवढं खाली आणायचं, मंग तो दिसत न्हाई." मी कॉलेजात इतिहास शिकवतो. मला या म्हणण्यात आक्षेप घेण्यासारखं काही आढळलं नाही.

त्यांची खरी ओळख मात्र मला ताईच्या गाडीमुळे झाली. ताईची म्हणजे कागदावर ताईची. माझी थोरली बहीण घनसावंगीला दिलेली. दाजींचा ऊस आहे, आवाज मोठा आहे आणि डाव्या हाताच्या चार बोटांत चार ग्रहांच्या अंगठ्या आहेत. नवी गाडी त्यांनी ताईच्या नावावर घेतली आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. ताई बावन्न वर्षांची. तिने गाडी शिकायचा हट्ट धरला, आणि दाजींनी आठ माणसांसमोर परवानगी देताना अटही घातली, "सोमवारपासून क्लास लाव. पण गाडीला एक चरा दिसला, की शिकणं बंद. पुन्हा विषय न्हाई." ताईने शिकाऊ परवाना काढून पर्समध्ये पोथीसारखा जपून ठेवला होता.

गाडी आठ दिवसांची असताना दोघं माझ्याकडे आली. शनिवारी सकाळी दाजी कुणाच्या तरी जीपमधून धावड्याला सोयरिकीच्या बैठकीला गेले. माहेरी गाडीची पूजा व्हावी म्हणून ताईने किल्ली मागून घेतली होती. माझ्या बायकोने नारळ फोडला, ताईने गियरजवळच्या काळ्या पट्टीवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं, अक्षता टाकल्या. तासाभराने कुंकू वाळलं. दाजींना गाडीत पसारा खपत नाही म्हणून तिने पदराने ते पुसून काढलं. पदर जरीचा, कोरडा. मध्ये तांदळाचे दाणे.

ताईने मला हाक मारली ती नावाने नाही, नुसती "अरे" अशी. मी जाऊन पाहिलं. उन्हात पट्टीवर गोल गोल रेघांचं जाळं झालं होतं. साडेअकरा वाजले होते. दाजी दोनला येणार होते.

मी फोन केला, आणि मामू त्यांच्या मोपेडवर पत्र्याची पेटी घेऊन आले. मला घड्याळ काढायला लावलं. ताई हातातल्या बांगड्यांकडे पाहू लागली, तर म्हणाले, "बांगड्या ऱ्हाऊ द्या ताई. पदर तेवढा खोचा." मग मोबाइलची टॉर्च लावून बराच वेळ ते नुसते बघत राहिले. पाण्याचा फवारा मारून ओल्या मऊ कापडाने उरलेलं कुंकू टिपलं, पट्टीच्या कडांना चिकटपट्टी लावली, आणि बोटाला फडकं गुंडाळून मटकीच्या दाण्याएवढी पेस्ट घेतली. थोडं चोळायचं की थांबायचं. हाताची पाठ लावून बघायचं. प्लास्टिक तापलं असेल तर निवेपर्यंत गप्प बसून राहायचं.

"मामू, जरा जल्दी करा ना," ताई म्हणाली.

"जल्दी केली तर तुमच्या चऱ्यावर माझे चरे बसतील."

ताई फाटकाकडे बघायची, मामू पट्टीकडे, आणि मी रिकाम्या मनगटाकडे. एक चतुर्थांश पट्टी झाली होती, आणि ती इतकी लखलखत होती की उरलेली आता जास्तच वाईट दिसू लागली होती. तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली. धावड्याची बैठक लवकर मोडली होती. दाजींच्या चेहऱ्यावरून ती कशी मोडली तेही कळत होतं.

"मांजर म्हण," ताई माझ्या कानाशी पुटपुटली.

"काय चालू हे?" दाजी दारात वाकले. मी मांजरापासून सुरुवात करणार, एवढ्यात मामू मान वर न करता म्हणाले, "अंगठ्या काढा."

"ही गाडी माझी हे."

"म्हणूनच म्हणून राह्यलो."

दाजींना असं कुणी सांगत नसे, त्यामुळे नाही म्हणण्याची त्यांना सवय नव्हती. तीन ग्रह निघाले. पोवळं निघेना. ताईने आतून खोबरेल तेल आणलं, आणि माझ्या अंगणात पाच मिनिटं दाजींचं बोट चोळण्याचा कार्यक्रम झाला. कुणी हसलं नाही. हसण्यासारखी वेळ नव्हती.

मग मामूंनी टॉर्च धरली. "हे बघा पाटील. हे गोल चरे पदराचे. कुंकू पुसलं, त्यात अक्षता होत्या. ताईंनी पुसलं."

झालं, असं मला वाटलं. ताईने पर्स छातीशी धरली. दाजींनी आवाज काढायला श्वास घेतला.

"आणि हा लांब," मामूंनी टॉर्च तिरकी केली, "वरून खाली. गियर टाकताना अंगठीचं बोट इथंच घासतं. हा पूजेच्या आधीचा हाय."

"आधीचा कशावरून?"

"कुंकू ह्याच्यात बसलंय."

काळ्या पट्टीवर बारीक लाल रेघ होती. केसाएवढी, सरळ. दाजींनी घेतलेला श्वास तसाच परत सोडला.

"निघंल?"

"नख फिरवा."

दाजींनी नख फिरवलं. ते अडकलं. पुन्हा फिरवलं, तिथेच पुन्हा अडकलं. "नखाला लागला तो न्हाई निघत," मामू म्हणाले. "त्याच्यासाठी सगळं इतकं खाली आणावं लागंल, की पट्टीच संपंल. पदराचे मातर बिलकुल दिसणार न्हाईत. दोन तास द्या."

दाजी तळहातावरच्या चार अंगठ्यांकडे पाहत होते. मग ताईने, इतक्या वर्षांत मी तिचा कधी ऐकला नव्हता अशा आवाजात विचारलं, "मंग सोमवारी क्लासला जायचं ना?"

"मी कुठं न्हाई म्हन्लं," दाजी म्हणाले, आणि घरात चहा मागायला गेले.

मामूंनी गोल चरे काढले. एकही राहिला नाही. निघताना मी म्हटलं, तुम्ही ताईचं नाव घ्यायला नको होतं, माझा तर जीवच गेला. ते पेटी मोपेडला बांधत होते. "अर्धं सांगितलं असतं तर उरलेलं त्यांनी मानलं असतं का, सर?"

मागच्या हिवाळ्यात मामू गेले. मी फोन केला तेव्हा ताई घनसावंगीहून स्वतः गाडी चालवत आली. जुन्या जालन्यातल्या त्या गल्लीत, जिथे रिक्षावालेही कुरकुरतात, तिने मागे घेऊन गाडी लावली. दाजी शेजारी बसले होते, चारही अंगठ्या शर्टाच्या खिशात. मामूंच्या घरी पत्र्याची पेटी कोपऱ्यात होती, तिच्याकडे पाहून दाजी म्हणाले, "माणूस बराबर होता."

गियरजवळच्या त्या पट्टीवर आता पांढरा, विणलेला रुमाल अंथरलेला असतो. गाडीत बसणारा प्रत्येक जण त्याचं कौतुक करतो, आणि ताईला विणकामाची भारी आवड आहे असं दाजी त्याला सांगतात. ताईला विणता येत नाही. रुमाल दाजींनी त्या सोमवारी बाजारातून आणला.